ल्युपस झालेली पोरं मोठी होतात तेव्हा

समजा एक मुलगी आहे, आठवीतली. दोन-तीन महिने अधूनमधून ताप, सांधे दुखतायत, केस गळतायत. कोणी टायफॉइड म्हणालं, कोणी डेंग्यू, टीबीच्या पण टेस्ट करून झाल्या. मग एक दिवस सकाळी उठली तर डोळे सुजलेले आणि लघवीला फेस. लघवी तपासली तर प्रोटीन तीन प्लस. तिथून मोठं हॉस्पिटल, एएनए, डीएसडीएनए, सी-३, सी-४ अशा रक्ताच्या तपासण्या, किडनीची बायोप्सी, आणि शेवटी फाइलवर लिहून येतं, एसएलई. म्हणजे ल्युपस. शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटलेली.

ल्युपसच्या शंभर पेशंटपैकी साधारण १५ ते २० जणांना तो अठराच्या आत सुरू होतो, त्यात मुली जास्त. आणि मोठ्यांपेक्षा मुलांमध्ये तो जास्त आक्रमक असतो, निम्म्या मुलांच्या तरी किडनीला हात घालतो.

आता आईबापांचा पहिला प्रश्न, पोरगी वाचेल ना? तर १९५० च्या दशकात या आजाराचे निम्मेच पेशंट चार-पाच वर्षं काढायचे. आज जिथे उपचार नीट मिळतात तिथे शंभरातली नव्वदहून जास्त मुलं पाच वर्षांनंतरही असतात, शाळा-कॉलेज करत असतात. आजार मुळापासून जात नाही, पण शांत ठेवता येतो.

शांत ठेवायचं मुख्य काम एक जुनी, स्वस्त गोळी करते. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन. हो, तीच, २०२० मध्ये कोविडवर चालते म्हणून लोकांनी मेडिकलमधून उचलून नेली ती. कोविडवर तिचा काही उपयोग नाही हे नंतर सिद्ध झालं, पण तोवर ल्युपसचे पेशंट मात्र एकेका स्ट्रिपसाठी दुकानं फिरत होते. ही गोळी जवळजवळ प्रत्येक मुलाला, वर्षानुवर्षं. डोस वजनावर, किलोमागे दिवसाला ५ मिलिग्रॅमच्या आत, आणि डोळ्यांचा पडदा तपासत राहायचा. बस.

खरी भानगड स्टेरॉइडची. किडनीवर हल्ला झालाय म्हटल्यावर सुरुवातीला तीन दिवस सलाइनमधून मोठे डोस, मग तोंडाने प्रेडनिसोलोन. जीव त्यानेच वाचतो, त्यात वाद नाही. पण दोन महिन्यांत चेहरा गोल गरगरीत, पिंपल्स, गालावर लव, मांड्यांवर जांभळ्या रेघा, भूक अशी की रात्री अकराला पोळी-भाजी लागते, उंची मागे पडते ते वेगळंच. वय तेरा! वर्गात कोणीतरी बोलतंच. घरी म्हणतात, जीव महत्त्वाचा की दिसणं? माझ्या मते हा प्रश्न विचारला की पोरगी हातातून गेली, कारण त्यानंतर ती गोळी जिभेखाली धरते, बाथरूममध्ये थुंकते आणि कोणाला सांगत नाही. अचानक बंद झालेलं स्टेरॉइड धोक्याचं, शरीर स्वतःचं हार्मोन बनवायचं विसरलेलं असतं, बीपी धाडकन खाली येऊ शकतो, आणि ल्युपस परत उसळतो तो वेगळा.

म्हणून आता सगळा भर स्टेरॉइड लवकर कमी करण्यावर आहे, जमलं तर दिवसाला ५ मिलिग्रॅम किंवा त्याहून खाली. त्यासाठी बरोबरीने प्रतिकारशक्तीला आवर घालणारी दुसरी औषधं देतात, मायकोफेनोलेट, किंवा सायक्लोफॉस्फामाइडची छोट्या डोसची पद्धत, ५०० मिलिग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा, असे सहा. डोस कमी असल्याने बीजकोशांना धोकाही कमी. बेलिमुमॅब या ल्युपसवरच्या औषधाला २०१९ मध्ये अमेरिकेत पाच वर्षांवरच्या मुलांसाठी मान्यता मिळाली, पण किंमत बघितली की आपल्याकडचे बरेच जण तो विषयच सोडतात.

जर्मनीत एर्लांगनला तर एका पंधरा वर्षांच्या मुलीला, जिची किडनी डायलिसिसवर गेली होती, कार-टी सेल थेरपी दिली, म्हणजे तिच्याच रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशी काढून, बदल करून परत सोडल्या, आणि तिचं डायलिसिस सुटलं. २०२४ मध्ये हे प्रसिद्ध झालं. ब्लड कॅन्सरसाठीची कार-टी आपल्या आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल हॉस्पिटलने मिळून बनवलीय, पण ल्युपससाठी हे सगळं अजून प्रयोगाच्या पातळीवर आहे, त्यामुळे लगेच कर्ज काढायला धावू नका.

रोजच्या गोष्टी कमी लेखू नका. उन्हाने ल्युपस भडकतो. शाळेच्या ग्राउंडवरची प्रार्थना, पीटीचा तास, गॅदरिंगची दुपारची प्रॅक्टिस, यासाठी शाळेला डॉक्टरांची चिठ्ठी द्या, आणि सनस्क्रीन हे नखरे नाहीत, औषधच आहे. फ्लू, न्युमोनियाच्या लसी घ्यायच्या, जिवंत विषाणूंच्या लसी मात्र विचारल्याशिवाय नाही.

आणि मग अठरा पूर्ण होतात. लहान मुलांचे डॉक्टर फाइल मोठ्यांच्या ओपीडीत पाठवतात, नेमकी तेव्हाच पोरगी हॉस्टेलला गेलेली असते, गोळ्या चुकतात, तपासण्या राहतात. पुढे लग्नाची बोलणी. कित्येक घरांत आजार लपवतात, मग सासरी गोळ्यांचा डबा बाहेर काढायची चोरी, आणि औषध बंद. लपवायची गरजच नाहीये खरं तर. आजार सहा महिने शांत असेल तर बहुतेक जणींना मूल होऊ शकतं. मायकोफेनोलेट बाळाला घातक, ते किमान सहा आठवडे आधी डॉक्टरांना विचारून बदलून घ्यायचं. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन मात्र गरोदरपणातही चालू ठेवायची, आणि हे सासूबाईंना डॉक्टरांनीच समोर बसवून सांगितलेलं बरं.