मुलानं पुस्तक पुन्हा उघडलं का?

मित्रमैत्रिणींनो,

आजचा विषय दोन भागांचा आहे. भावी शिक्षकाचं वाचन हा पहिला आणि वर्गातले साहित्य-प्रकल्प हा दुसरा. माझ्या अनुभवात दुसरा भाग सगळा पहिल्यावर उभा असतो, म्हणून आधी तुमच्या वाचनाबद्दल बोलते.

तुमच्या खोल्यांत आत्ता कोणती पुस्तकं असतील याचा मला अंदाज आहे. टीईटीचं, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचं मार्गदर्शक, अभियोग्यता चाचणीचे प्रश्नसंच, बालमानसशास्त्राच्या नोट्स. त्यांना मी नावं ठेवणार नाही. भरती कधी निघेल याचा भरवसा नाही आणि घरचे वाट बघतायत, अशा वेळी ती पुस्तकं लागतातच. पण त्यात प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय असतात आणि एकच बरोबर असतो. दोन वर्षं तेवढंच वाचलेला शिक्षक कवितेलाही तसाच प्रश्न घालतो: 'कवीला यातून काय सांगायचं आहे?' वर्ग गप्प राहतो. पहिल्या बाकावरची मुलगी गाईडमधलं वाक्य म्हणून दाखवते. फळ्यावर ते लिहिलं जातं, मुलं उतरवून घेतात आणि कविता तिथंच संपते.

म्हणून परीक्षेत न येणारं काहीतरी रोज वाचा. अर्धा तासही पुरे. त्यात मुलांची पुस्तकं हवीतच, आणि ती स्वतःला आवडतात म्हणून वाचा. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा फास्टर फेणे सायकलवर टांग टाकून निघाला की पुढं काय होणार, ही उत्सुकता तुम्हाला स्वतःला वाटली पाहिजे. विंदा करंदीकरांच्या बालकविता मनातल्या मनात वाचू नका, मोठ्यानं म्हणा. चार-पाच वेळा म्हटल्यावर कुठं थांबायचं आणि कुठं धावायचं ते जिभेला कळतं. हे कळल्याशिवाय त्या कविता वर्गात नेऊ नयेत असं माझं ठाम मत आहे. पुस्तकं मिळत नाहीत ही अडचण आता पूर्वीइतकी राहिलेली नाही. बालभारतीचं 'किशोर' मासिक 1971 पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचता येतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी चित्रगोष्टी आहेत, त्या छापून वर्गात वाटायलाही परवानगी आहे.

वाचताना जवळ एक वही ठेवा. सारांश लिहू नका, तो कोणीही लिहितं. जिथं थबकलात ते वाक्य लिहा. पडलेला प्रश्न लिहा. आणि सराव पाठाला ज्या वर्गावर जाता, त्यातल्या कोणत्या मुलाला हे पुस्तक द्यावंसं वाटतं, त्याचं नाव लिहा. ही तिसरी नोंद मला फार मोलाची वाटते, कारण ती करताना तुम्ही पुस्तकाबरोबर त्या मुलाचाही विचार करता.

गुजरातचे शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांचं 'दिवास्वप्न' तुम्ही वाचलं असेल, नसेल तर याच आठवड्यात वाचा. पुस्तक छोटं आहे. त्यातला शिक्षक लक्ष्मीराम चौथीच्या वर्गावर जातो आणि गोष्ट सांगायला लागतो. मुलांना चटक लागल्यावर तो वर्गाचं वाचनालय उभं करतो. प्रत्येकानं तेच पाठ्यपुस्तक विकत घेण्यापेक्षा त्या पैशांत वेगवेगळी पुस्तकं आणू आणि सगळे मिळून वाचू, असा त्याचा हिशेब. गोष्ट सांगणं आणि पुस्तक हाती देणं यांचा क्रम त्यानं अगदी नेमका धरलाय. भावनगरला गिजुभाईंबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडकांनी पुढं बोर्डी आणि कोसबाडला बालशिक्षणाचं जे काम उभं केलं, त्यामागंही मुलांवरचा हाच विश्वास होता.

आपल्याकडं 2009च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेला ग्रंथालय हवं, त्यात गोष्टींची पुस्तकं हवीत, असं स्पष्ट लिहिलंय. बऱ्याच शाळांत पुस्तकं आहेत, पण कुलूपबंद. पुस्तक फाटलं तर दाखल रजिस्टरला, म्हणजे ग्रंथालयातल्या पुस्तकांच्या नोंदवहीत, काय दाखवायचं ही भीती असते आणि ती खोटी नाही. इंटर्नशिपला गेलात की मुख्याध्यापकांशी पहिलं बोलणं या कपाटाबद्दल करा. वीस पुस्तकं आपल्या सहीनं घ्या आणि वर्गात दोरीवर टांगा. फाटलेलं पान चिकटपट्टीनं चिकटवायला मुलांनाच शिकवा.

आता प्रकल्पांकडं येते. प्रकल्प म्हटलं की कार्डशीट, स्केचपेन, चकचकीत नक्षी आणि मधोमध लेखकाचा फोटो, असं चित्र आपल्या डोळ्यांपुढं येतं. ते मूल रात्री आईबाबांकडून करून आणतं आणि पुस्तक न उघडता पुरं करतं. प्रकल्प चांगला की वाईट हे ठरवायला मी एकच प्रश्न विचारते: तो करताना मुलाला पुस्तक पुन्हा उघडावं लागलं का?

एका जिल्हा परिषद शाळेत सातवीच्या वर्गावर आमच्या एका छात्राध्यापिकेनं 'श्यामची आई'मधलं पोहण्याचं प्रकरण घेतलं. साने गुरुजींना जाऊन साठांहून जास्त वर्षं झाली आहेत, म्हणजे पुस्तकावरचा कॉपीराइट संपलाय, त्यामुळं प्रकरणाची झेरॉक्स काढून वाटायला अडचण नव्हती. पोहायला घाबरणारा श्याम माळ्यावर लपतो, आई त्याला शिंपटीनं मारत बाहेर काढते. आईवर दहा ओळी लिहा, हा तिथं नेहमीचा उपक्रम. हिनं त्याऐवजी वर्गाची पंचायत बसवली. प्रश्न असा की आईनं मारलं ते बरोबर होतं का? नियम एकच होता: बोलायचं असेल तर आधी पुस्तकातलं वाक्य वाचायचं. एक मुलगा ठामपणे म्हणाला, बरोबर, नाहीतर तो शिकलाच नसता. दुसरा म्हणाला, लोक भित्रा म्हणतील म्हणून आपल्या पोराला मारायचं? मग मागच्या बाकावरून एक मुलगी उठली. सहसा बोलत नाही ती. वळ बघून आईचे डोळे भरून येतात ती जागा तिनं वाचली आणि विचारलं, "तिला बरोबर वाटत होतं, तर ती रडली कशाला?" त्यानंतर सगळा वर्ग पानं उलटत होता. निकाल लागला नाही. छात्राध्यापिकेनं लावायचा प्रयत्नही केला नाही, हे तिचं कौतुक.

दुसरा प्रकल्प तुम्हा खानदेशातल्या मुलामुलींसाठी. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर सुचलेल्या त्यांच्या ओळी मुलगा सोपानदेव आणि नातलगांनी टिपून ठेवल्या, अत्र्यांनी त्या उचलून धरल्या, आणि बहिणाबाई गेल्यानंतर 1952मध्ये पुस्तक आलं. लिहून घेणारं कुणी नसतं तर आपल्याला काय मिळालं असतं? तुमच्या वर्गातल्या मुलांच्या घरी आजी आहेत. मुलांना बहिणाबाईंची कविता ऐकवा आणि मग घरी पाठवा, वही घेऊन. आजी अहिराणीत बोलली तर अहिराणीतच लिहायचं, लेवा बोलीत बोलली तर तशीच. शुद्धलेखनाची लाल शाई इथं अजिबात चालणार नाही. आलेल्या गोष्टी मुलांनी वर्गात वाचाव्यात, आजीला परत वाचून दाखवाव्यात, ती सांगेल ते दुरुस्त करावं, चित्रं काढावीत, दोऱ्यानं शिवावं. एका शाळेत मुख्याध्यापकांनी असं शिवलेलं पुस्तक रीतसर दाखल रजिस्टरला चढवलं आणि मुखपृष्ठावर शाळेचा शिक्का मारला. पुढच्या वर्षीच्या मुलांनी तेच पुस्तक सगळ्यांत जास्त वेळा मागून नेलं. घरची बोली वर्गात बोलायला लाजणारी मुलं ती छापील पुस्तकाच्या शेजारी कपाटात लागलेली बघतात, तेव्हा वाचनाशी त्यांचं नातंच बदलतं. मूल्यमापनाच्या कुठल्या रकान्यात हे भरायचं असं विचाराल, तर आकारिक, म्हणजे शिकवता शिकवता होणाऱ्या मूल्यमापनात प्रकल्प, तोंडी काम, उपक्रम यांना जागा आहेच. तिथं बिनधास्त नोंदवा.

माझं बोलणं इथं थांबवते. चहानंतर चार-चारच्या गटांत बसू. मी श्यामच्या पोहण्याच्या झेरॉक्स आणल्या आहेत. प्रत्येक गटानं प्रकरण एकदा मोठ्यानं वाचायचं आणि पंचायतीपुढं ठेवता येईल असा एक प्रश्न काढायचा. आईनं मारलं ते बरोबर का, हा सोडून. तुमचे प्रश्न फळ्यावर लिहू आणि कोणत्या प्रश्नासाठी मुलांना पुस्तक उघडावं लागेल ते एकेक करून तपासू.