मोडलेली पाठ आणि बॅटमॅनचा बदली

नमस्कार मंडळी. आज मला एका नेमणुकीबद्दल बोलायचं आहे. ही नेमणूक १९९३ साली, बॅटमॅनच्या कॉमिक्समधल्या गॉथम शहरात झाली आणि करणारा माणूस तेव्हा अंथरुणाला खिळलेला होता. बॅटमॅनची, म्हणजे मुखवट्यामागच्या ब्रूस वेनची, पाठ मोडली होती, शहर मोकाट सुटलेल्या गुन्हेगारांच्या हातात होतं आणि रात्री त्याचा पोशाख चढवून कोण बाहेर पडणार, हे ठरवायचं होतं. 'नाइटफॉल' ही कथामालिका बहुतेकांच्या लक्षात आहे ती बेन नावाच्या खलनायकाच्या गुडघ्यावर बॅटमॅन मोडतो त्या एका चित्रामुळे. माझ्या मते त्या कथेचं खरं मर्म त्याच्या पुढच्या अंकांत आहे.

आधी दुखापत कशी झाली ते सांगतो, कारण निवड का चुकली याचं अर्धं उत्तर तिथेच आहे. बेन एकदम अंगावर येत नाही. तो अर्कम इस्पितळाच्या भिंती फोडून तिथले सगळे वेडे खुनी गावात सोडतो आणि स्वतः बाजूला उभा राहतो. बॅटमॅन एकेकाला धरून परत आत टाकत राहतो. झोप नाही, धड जेवण नाही, आणि मुळात ही धावपळ सुरू होण्याआधीच तो थकलेला होता. जोकर, स्केअरक्रो, झाझ, सगळे होऊन जेव्हा तो घरी परततो तेव्हा बेन त्याच्याच वाड्यात, वेन मॅनरमध्ये, त्याची वाट बघत बसलेला असतो. 'बॅटमॅन'चा ४९७ वा अंक. लेखक डग मेंच, चित्रकार जिम अपारो. ती झुंज म्हणावी अशी झुंजच नाही. दमलेल्या माणसाला ठरवून मारलेलं आहे.

तर असा हा माणूस शुद्धीवर येतो, कमरेखाली काही हलत नाही, आणि तशा अवस्थेत तो आपला वारस ठरवतो. टिम ड्रेकला, म्हणजे त्या काळच्या रॉबिनला, आपल्या तरुण साथीदाराला, तो सांगतो की पोशाख ज्याँ-पॉल व्हॅलीला द्यायचा.

हा ज्याँ-पॉल कोण? आदल्याच वर्षी, १९९२ मध्ये, डेनिस ओ'नील आणि चित्रकार जो केसाडा यांनी त्याला आणलं होतं. गॉथम विद्यापीठात संगणकशास्त्र शिकणारा, चष्मा लावणारा, बुजरा मुलगा. पण सेंट ड्युमास नावाच्या एका गुप्त पंथाने लहानपणापासून त्याच्या मनात मारेकऱ्याचं सगळं शिक्षण दडवून ठेवलेलं. त्याला स्वतःला त्याचा पत्ता नव्हता. बाप गेल्यावर ते जागं झालं आणि तो अॅझ्राएल, म्हणजे त्या पंथाचा मारेकरी, झाला. त्याच कथेत त्याने ब्रूस वेनचा जीव वाचवला. ब्रूसने त्याला जवळ केलं आणि टिमला त्याच्याकडून तयारी करून घ्यायला सांगितलं.

आता पर्याय बघा. टिम हुशार होता, पण शाळकरी मुलगा होता. त्याला उभं करणं शक्यच नव्हतं. आणि दुसरा होता डिक ग्रेसन. पहिला रॉबिन, आता नाइटविंग. ब्रूसच्याच हाताखाली वाढलेला, स्वतःची टायटन्स ही टोळी चालवून दाखवलेला, गॉथमच्या गल्ल्या आणि ब्रूसचा स्वभाव दोन्ही तोंडपाठ असलेला. वाचणाऱ्या कुणालाही त्याचंच नाव सुचेल. टिमलाही तेच सुचलं. ब्रूसचं उत्तर असं, की डिक आता स्वतंत्र माणूस आहे, त्याची स्वतःची कामं आहेत, त्याला परत या सावलीत ओढायचं नाही.

मी हे उत्तर पुष्कळदा वाचलंय आणि मला ते पुरेसं वाटत नाही. डिकला विचारायला काय हरकत होती? नाही म्हणायचं तर तो म्हणाला असता. माझं मत असं आहे की ब्रूसला डिकसमोर मोडलेल्या अवस्थेत पडायचं नव्हतं. ज्याला आपण दहा-बारा वर्षांचा असताना उचलून आणलं, त्याच्याकडे आता हात पसरायचा, हे त्याच्याच्याने झालं नाही. ज्याँ-पॉलकडे मागणं सोपं होतं. तो ऋणी होता, नवखा होता, आणि 'तुम्ही चुकताय' असं म्हणण्याइतका जवळचा नव्हता. अंथरुणावरच्या माणसाने केलेल्या निवडीत हा धोका नेहमी असतो. त्याला काम करणारा हवा असतो, आणि त्याच वेळी आपल्या असहायतेला साक्षीदार नको असतो.

आपल्यापैकी ज्यांनी मराठी इंद्रजाल कॉमिक्स वाचली त्यांना वेताळ आठवत असेल. तिथे हा प्रश्नच येत नाही. बापानंतर मुलगा, एकविसाव्या पिढीपर्यंत. कवटीची अंगठी आणि शपथ वारशाने येते. बॅटमॅनला तशी सोय नाही. तिथे माणूस निवडावाच लागतो आणि निवडताना पोशाखाचा नेमका अर्थ काय, हे स्वतःशी ठरवावं लागतं.

आता कागदाच्या पलीकडे, संपादकाच्या टेबलाकडे येऊ. ही सगळी मालिका ज्यांच्या देखरेखीखाली झाली ते संपादक डेनिस ओ'नील यांचा या विषयाशी जुना संबंध होता. १९८३ मध्ये, मार्व्हलमध्ये असताना, 'आयर्न मॅन'चे लेखक तेच होते. दारूत बुडालेला टोनी स्टार्क उभाही राहू शकत नाही आणि त्याचा वैमानिक मित्र जेम्स ऱ्होड्स चिलखत चढवतो. १७० वा अंक. ओ'नील यांनी तिथे एक विलक्षण गोष्ट केली: शिरस्त्राण स्टार्कच्या मेंदूशी जुळवलेलं असल्यामुळे ऱ्होड्सचं डोकं दुखायला लागतं, मग तो चिडचिडा होतो, संशयी होतो. दुसऱ्यासाठी बेतलेली वस्तू अंगावर घेतल्यावर माणसाचं काय होतं, हे ते दहा वर्षं आधीच लिहून बसले होते.

आणि १९८८ मध्ये, डीसीत, म्हणजे बॅटमॅन छापणाऱ्या कंपनीत, त्यांच्याच कारकिर्दीत दुसरा रॉबिन, जेसन टॉड, याने जगावं की मरावं हे वाचकांच्या फोनवर सोडलं गेलं. मरावा म्हणणारे ५,३४३, जगावा म्हणणारे ५,२७१. बहात्तर फोनांनी एक मुलगा मेला. वाचकाला रक्त हवं असतं का, हा प्रश्न तेव्हापासून त्यांच्यापुढे होताच. नव्वदच्या सुरुवातीला तर बंदुका घेऊन बिनदिक्कत माणसं मारणारे नायक धडाक्याने खपत होते. माणूस न मारणारा बॅटमॅन आता जुनाट झाला का? ओ'नील यांनी या प्रश्नावर भाषण दिलं नाही. त्यांनी वाचकांना हवा तसा वाटणारा बॅटमॅन प्रत्यक्ष घडवला आणि त्यांच्या हातात ठेवला. ब्रूसला परत आणायचं हे मुळातच ठरलेलं होतं. पण वाचकच नव्या माणसाच्या प्रेमात पडले असते तर ती मोठी अडचण झाली असती, हेही ते पुढे मोकळेपणाने बोलले. मला या धाडसाबद्दल फार आदर वाटतो.

मग ज्याँ-पॉलने काय केलं? पहिली गोष्ट, तो जिंकला. ब्रूसने बजावलं होतं की बेनच्या वाटेला जायचं नाही. त्याने ऐकलं नाही. नखं लावलेले हातमोजे आणि धातूचं चिलखत स्वतः बनवलं, ५०० व्या अंकात बेनच्या मेंदूला ताकद वाढवणारं औषध पुरवणाऱ्या नळ्या कापल्या आणि त्याला पोलिसांच्या हवाली केलं. म्हणजे ज्या कामासाठी बदली माणूस हवा होता ते काम त्याने मूळ माणसापेक्षा चोख केलं. नुसत्या निकालावर बघणाऱ्याने तिथेच टाळ्या वाजवल्या असत्या.

पण टिमला तेव्हाच कळलेलं होतं. एकदा तर ज्याँ-पॉलने त्याचा गळाच आवळला होता. पुढे टिमला बॅटमॅनच्या तळावर, त्या गुहेत, येता येऊ नये म्हणून त्याने भिंत बांधली. पोलीस कमिशनर गॉर्डन छतावर भेटायचे, त्यांनाही हा तो माणूस नाही हे जाणवलं आणि ते दुरावले. एकेक करून विचारणारं कुणी उरलंच नाही. ब्रूस तर शहरातच नव्हता. चाकांच्या खुर्चीतून तो डॉक्टर शोंड्रा किन्सॉल्व्हिंग आणि टिमचे वडील यांना पळवून नेणाऱ्यांच्या मागावर परदेशात गेला होता. माणूस नेमला आणि पाठ फिरवली. या नेमणुकीतली दुसरी चूक मला ही वाटते, आणि ती पहिल्या चुकीपेक्षा गंभीर आहे.

तिची किंमत १९९४ मध्ये कळली. अॅबॅटॉर नावाचा खुनी, स्वतःच्याच नात्यातली माणसं मारणारा, उकळत्या धातूच्या वर लोंबकळत असतो. ज्याँ-पॉल हात पुढे करत नाही. अॅबॅटॉर पडतो. आणि त्याने कुठेतरी डांबून ठेवलेला एक निरपराध माणूस ग्रॅहॅम एचिसन, ज्याचा ठावठिकाणा फक्त अॅबॅटॉरलाच माहीत होता, तोही मरतो. 'न मारणं' हा बॅटमॅनचा हळवेपणा नाही, ती कामाची गरज आहे, हे मला इतक्या स्पष्टपणे दुसऱ्या कुठल्याच कथेत दिसलेलं नाही.

आता एक दुसरं उदाहरण, जे कमी बोललं जातं. जोकरच्या गोळीने १९८८ मध्ये बार्बरा गॉर्डन, मूळ बॅटगर्ल, चाकांच्या खुर्चीत गेली. पुढे ती ओरॅकल झाली, संगणकासमोर बसून सगळ्यांना दिशा देणारी. तिच्या पोशाखाला खरा वारस मिळायला १९९९ साल उजाडलं. भूकंपाने उद्ध्वस्त झालेल्या गॉथममध्ये हेलेना बर्टिनेलीने आधी तो आपणहून चढवला होता, पण तिच्याकडून तो काढून घेतला गेला. मग तो कॅसांड्रा केनकडे गेला, बार्बराच्या संमतीने.

कॅसांड्रा आणि ज्याँ-पॉल यांची जन्मकथा जवळजवळ एकच आहे. दोघांनाही बापांनी शस्त्र म्हणून वाढवलं. कॅसांड्राला तर भाषाच शिकवली नव्हती, म्हणजे समोरच्याच्या हालचाली हीच तिची भाषा होईल. पण लहान असताना तिने एक माणूस मारला, मरणाऱ्याच्या अंगात काय होतं ते वाचलं, आणि पळाली. पुन्हा मारायचं नाही हे तिने स्वतः ठरवलं होतं. पोशाख मिळण्याआधीच ठरवलं होतं. ज्याँ-पॉलला ते ब्रूसने सांगितलं होतं. फरक एवढाच आहे, पण सगळा फरक तोच आहे. आणि बार्बरा निघून गेली नाही. ती कॅसांड्राबरोबर राहिली, वाचायला शिकवत राहिली, भांडत राहिली.

ब्रूसची पाठ शोंड्राच्या अद्भुत शक्तीने बरी झाली. काहींना हा भाग ओढूनताणून वाटतो, मलाही वाटतो. पण शेवटची गाठभेट सुरेख आहे. ब्रूस ज्याँ-पॉलला हरवत नाही. तो एका अरुंद भुयारात शिरतो, आणि त्याच्या मागे यायचं तर ज्याँ-पॉलला चिलखताचा एकेक तुकडा काढून टाकावा लागतो. शेवटी तो शिरस्त्राणही काढतो आणि कबूल करतो की बॅटमॅन तूच. ब्रूस त्याला तुरुंगात धाडत नाही, जाऊ देतो. त्याला ठाऊक होतं की अपराधात आपला वाटा आहे.

त्यानंतर ब्रूस काही काळ पुन्हा दूर गेला आणि या वेळी पोशाख डिकला दिला. डिकने नंतर समोरासमोर विचारलं, की तेव्हा मला का नाही? तो प्रश्न विचारला गेला हे मला महत्त्वाचं वाटतं. पंधरा वर्षांनी, २००९ मध्ये, डिक पुन्हा बॅटमॅन झाला, ब्रूसच्या तापट मुलाला, डेमियनला, रॉबिन म्हणून बरोबर घेऊन, आणि तो काळ माझ्या मते बॅटमॅनच्या उत्तम काळांपैकी एक आहे.

ज्याँ-पॉलचंही सांगायला हवं. १९९५ मध्ये ओ'नील यांनी त्याला स्वतंत्र मालिका दिली. ती २००३ पर्यंत चालली, शंभर अंक, आणि ते शंभरही त्यांनी स्वतः लिहिले. वापरून झालेल्या त्या मुलाच्या डोक्यातून पंथाचा आवाज काढून टाकण्याचं काम त्यांनी आठ वर्षं धरून ठेवलं. 'नाइटफॉल' वाचणाऱ्यांनी तिथेच न थांबता तेही वाचावं, एवढं माझं मागणं आहे. आता तुमचे प्रश्न घेऊ या.