आभाळातून पडलेला डबा

श्रोतेहो, नमस्कार. महसूल मंडळांच्या गावी कुंपणातली स्वयंचलित हवामान केंद्रं तुम्ही पाहिली असतील. महावेध प्रकल्पातली ही केंद्रं. पीकविम्यासाठी तिथला पाऊस मोजला जातो. संत्र्याच्या बागांतही आता अशी लहान यंत्रं दिसतात. ती बंद पडली की त्यांचं करायचं काय, हा आजचा विषय.

माझ्या मामाचं गाव भंडारा जिल्ह्यात, लाखनीजवळ. हिवाळ्याचे दिवस. धान कापून झालेलं, बांधीत लाखोळी हिरवीगार. मामा सकाळी शेतावर गेला तर लाखोळीत लाल छत्री, फाटलेला रबरी फुगा आणि लांब दोरीच्या टोकाला पांढरा डबा पडलेला. डब्यातून एक वाकडी पट्टी बाहेर आलेली. बघता बघता अख्खं गाव धुऱ्यावर जमलं. कुणी म्हणे बॉम्ब, कुणी म्हणे पाकिस्तानचा कॅमेरा. पोलीस पाटलांनी पोरांना मागे हटवलं. शेवटी शाळेचे गुरुजी आले. त्यांनी उकिडवं बसून डब्यावरचा मजकूर वाचला आणि हसून म्हणाले, "अरे, हे हवामान खात्याचं आहे."

ते होतं रेडिओसाँड, म्हणजे फुग्याला बांधून वर सोडायचं हवामान मोजणारं यंत्र. नागपूरहून पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास असे फुगे सोडतात. फुगा तीसेक किलोमीटर वर चढतो, तापमान, आर्द्रता, वारा कळवत राहतो आणि फुटतो. हिवाळ्यात वरचे वारे पश्चिमेकडून वाहतात, म्हणून डबा आमच्या भंडाऱ्याच्या अंगाला येतो.

दुसऱ्या दिवशी भंगारवाला दारात हजर. म्हणाला, "वीस रुपये देतो." मामीनं विचारलं, "याचं करता काय जी?" त्यानं सरळ सांगितलं, "वायर जाळतो, तांबं काढतो. बाकीचं नाल्यात." त्या नाल्याचं पाणी मामीच्या म्हशी पितात. मामीनं डबा दिला नाही. गुरुजींनी बॅटऱ्या काढल्या, टोकांना चिकटपट्टी लावली आणि नागपूरला गेले तेव्हा ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रात सगळं देऊन आले.

त्याच गुरुजींनी पुढे शाळेच्या फळ्यावर रोजचा पाऊस लिहायला सुरुवात केली. माझं तर ठाम मत आहे, प्रत्येक ग्रामपंचायतीनं कालचा पाऊस दारावरच्या फळ्यावर लिहावा. ज्या आकड्यावर विमा ठरतो, तो शेतकऱ्याला मोबाइलमध्ये का शोधावा लागावा?

असो. जाळायचं नाही, फोडायचं नाही, एवढं आधी ध्यानात ठेवा. प्लास्टिकची वायर जाळली की डायॉक्सिनसारखं विष हवेत जातं. सर्किट बोर्डाच्या जुन्या डाखात शिसं असतं. हवामान केंद्रातली बारा व्होल्टची बॅटरी शिशाची आणि आम्लाची. ती वेगळी काढून बॅटरीच्या दुकानदाराला परत द्या. सौरपॅनेलही ई-कचऱ्यातच येतं, १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांत त्याचा समावेश आहे. शाळा-कॉलेजांत पाऱ्याचे जुने वायुभारमापक असतील तर ते यात मिसळू नका. पारा घातक कचरा आहे, तो वेगळाच द्यायचा.

पुन्हा सांगतो, जाळायचं नाही, फोडायचं नाही. अधिकृत केंद्रांची यादी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे मिळते. सामान देताना पावती मागा, आणि ग्रामपंचायतीचं यंत्र असेल तर ती पावती दप्तरात लावा.