कणाचा आकार आणि कणाचा पृष्ठभाग

मित्रहो, प्लॅटिनमचे अतिसूक्ष्म कण तयार करणं आता तितकंसं अवघड राहिलेलं नाही. क्लोरोप्लॅटिनिक आम्ल इथिलीन ग्लायकॉलमध्ये विरघळवायचं, अल्कली घालायची, कार्बनची पूड मिसळायची आणि मिश्रण १३० ते १६० अंश सेल्सिअसला तापवायचं. प्लॅटिनमच्या आयनांना इलेक्ट्रॉन देण्याचं काम ग्लायकॉलच करतं, आणि दोन-तीन नॅनोमीटरचे कण कार्बनवर बसतात. पण ते कण इंधनघटात, म्हणजे हायड्रोजनसारखं इंधन आणि ऑक्सिजन यांच्यापासून वीज करणाऱ्या घटात, इलेक्ट्रोडवर उत्प्रेरक म्हणून (अभिक्रियेचा वेग वाढवण्याचं) काम करतीलच याची खात्री नसते. आज त्याबद्दलच बोलायचं आहे.

अभिक्रिया होते ती पृष्ठभागावर. तीन नॅनोमीटरच्या कणात जेमतेम एक तृतीयांश अणू बाहेर असतात, बाकीचं महागडं प्लॅटिनम आत नुसतं बसून असतं. मग कण आणखी लहान का करू नयेत? कारण फार लहान कणांत कडा आणि कोपरे वाढतात, तिथले अणू ऑक्सिजनला घट्ट धरून बसतात, आणि इंधनघटातलं ऑक्सिजनचं क्षपण, म्हणजे ऑक्सिजननं इलेक्ट्रॉन घेणं, मंदावतं.

आकार आवरण्यासाठी आपण पीव्हीपीसारखा (पॉलिव्हिनाइल पायरोलिडोन) लांब साखळीचा पॉलिमर घालतो. तो कणांना एकमेकांना चिकटू देत नाही. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली सारखे, देखणे कण दिसतात. तेच कण आम्लात ठेवून चक्रीय व्होल्टामेट्री केली, म्हणजे इलेक्ट्रोडचं विभव (व्होल्टेज) वर-खाली करत प्रवाह मोजला, तर पृष्ठभागावर हायड्रोजन बसता-सुटताना आलेखात दिसणारे उंचवटे जवळपास सपाट! ज्या पॉलिमरनं कण घडवला, त्यानंच पृष्ठभाग झाकून टाकलेला असतो. तो जाळावा म्हणून तापवलं, तर कण एकमेकांत मिसळून मोठे होतात. म्हणून मला ग्लायकॉलची पद्धत अधिक पटते. तिथे कणांना सांभाळणारे ग्लायकोलेटसारखे आयन सैल बसलेले असतात, धुऊन निघतात. धुणं मात्र मन लावून करायला हवं, कारण क्लोरोप्लॅटिनिक आम्लातला क्लोराइड राहिला तर तोही जागा अडवतो.

पृष्ठभाग किती खुला आहे हे मोजता येतं. हायड्रोजनच्या अधिशोषणाचा, म्हणजे तो पृष्ठभागावर बसण्याचा, विद्युतभार घ्यायचा आणि स्वच्छ प्लॅटिनमसाठी दर चौरस सेंटीमीटरला २१० मायक्रोकूलोम धरून भागायचं. तीन नॅनोमीटरच्या गोल कणांचं गणिती क्षेत्रफळ ग्रॅमला सुमारे ९३ चौरस मीटर येतं. प्रयोगात ४० आलं, तर उरलेलं कुठं गेलं ते शोधलंच पाहिजे. काही भाग कार्बनला टेकलेला असतो, काही कण एकमेकांना चिकटलेले असतात, काही मळलेले असतात.

मिश्रधातूंनी मोठी आशा दाखवली आहे. २००७ मध्ये प्लॅटिनम-निकेलच्या एकस्फटिकावरच्या (सलग एकच स्फटिक असलेल्या तुकड्यावरच्या) एका विशिष्ट पृष्ठाची क्रियाशीलता शुद्ध प्लॅटिनमच्या तशाच पृष्ठापेक्षा दहापट आढळली. त्या पृष्ठासारखा कण घडवणं आणि तो आम्लात टिकवणं, या दोन्ही गोष्टी कठीण आहेत. वरचं निकेल विरघळतं. विभव वर-खाली होत राहिलं की लहान कण झिजतात आणि त्यांचं प्लॅटिनम मोठ्या कणांवर जाऊन बसतं. म्हणून पहिल्या दिवसाचा आकडा पाहून मी कुठल्याच उत्प्रेरकावर मत देत नाही. हजारो चक्रांनंतरचं क्षेत्रफळ आधी मोजा, मग बोलू.