जर्मनीला निघालात? जॅकेट राहू द्या, आधी कागद

नमस्कार श्रोते मंडळी. चहा हातात असेल तर बरंच, कारण आजचा विषय कागदपत्रांचा आहे आणि तो कोरडा घशाखाली उतरत नाही. हल्ली आमच्या सांगलीत लग्नाला गेलं की एखादी काकू मला कोपऱ्यात गाठतेच. अगं तू जर्मनीला होतीस ना, आमच्या ओंकारला पण जायचंय मास्टर्सला, जरा सांग की काय काय न्यायचं ते. मी विचारते एपीएस झालं का त्याचं, तर काकू म्हणतात ते काय असतं बाई, बघू नंतर, तू आधी सांग थंडीचं जॅकेट इथून घ्यायचं का तिथून. तर आज सगळ्या काकूंना आणि सगळ्या ओंकारांना एकदमच सांगून टाकते. जॅकेट तिथं घ्या. संपलं. आता कागदांकडं येऊ.

मी २०१८ ला गेले, केम्नित्सला. लाइपझिगपासून रेल्वेनं तासाभरावर आहे. पूर्वी या गावाचं नाव कार्ल मार्क्स श्टाट होतं आणि अजूनही भर चौकात मार्क्सचं नुसतं डोकं आहे, सात मीटर उंच, धड नाहीच. पहिल्या दिवशी दोन बॅगा घेऊन मी त्या डोक्यासमोर उभी होते आणि तो माझ्याकडं असं बघत होता की आली का कागद न घेता. माझ्या वेळी एपीएस नव्हतं. भारतीय मुलांना ते नोव्हेंबर २०२२ पासून लागतं. म्हणजे दिल्लीतलं एक ऑफिस तुमच्या मार्कशीट आणि डिग्र्या खऱ्या आहेत का ते तपासून सर्टिफिकेट देतं, फी १८,००० रुपये, आणि ते नसेल तर व्हिसाचा अर्ज पुढं सरकत नाही. गर्दीच्या दिवसात वेळ लागतो, म्हणून माझं साधं गणित आहे, ज्या वर्षी ऑक्टोबरला जायचं त्याच्या आदल्या दिवाळीत फराळ झाला की बसायचं. हसू नका. हिवाळी सेमिस्टर ऑक्टोबरला सुरू होतं, बऱ्याच कोर्सची शेवटची तारीख १५ जुलै असते, पण परदेशी मुलांसाठीच्या इंग्रजी मास्टर्सची कित्येक ठिकाणी मार्च नाहीतर मे मध्येच संपते, आणि त्याच्या आत एपीएस, ट्रान्सक्रिप्ट म्हणजे सगळ्या सेमिस्टरच्या मार्कांचा विद्यापीठाचा कागद, आयईएल्ट्स ही इंग्रजीची परीक्षा, प्राध्यापकांची शिफारसपत्रं हे सगळं हातात पाहिजे. ट्रान्सक्रिप्टसाठी आपल्याकडं खिडकीवर किती वेळा 'उद्या या' ऐकावं लागतं हे मी सांगायला नको. मी पाच वेळा ऐकलं.

कोर्स शोधायला पैसे देऊ नका कुणाला. डाड, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांना माहिती आणि शिष्यवृत्त्या देणारी जर्मन संस्था, तिच्या वेबसाइटवर इंग्रजीतल्या कोर्सची यादी फुकट आहे, रविवारी दुपारी बसून बघा. एजंट बरेचदा जिथं कमिशन मिळतं तीच कॉलेजं पुढं करतात, बहुतेक खाजगी, भरपूर फीवाली, आणि मग जर्मनीत शिक्षण फुकट असतं म्हणून निघालेला मुलगा लाखो रुपये भरून बसतो. फुकट हे सुद्धा सगळीकडं नाही हां. सरकारी विद्यापीठात बऱ्याच राज्यांत ट्यूशन फी नाही, फक्त सेमिस्टरची वर्गणी असते, पण बाडेन व्युर्टेंबर्ग राज्यात, म्हणजे आपल्या मुंबईचं १९६८ पासूनचं सिस्टर सिटी स्टुटगार्ट जिथं आहे तिथं, २०१७ पासून युरोपबाहेरच्या मुलांना सेमिस्टरला १,५०० युरो पडतात. म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनं पण २०२४ च्या हिवाळ्यापासून चालू केलीय, मास्टर्सला सेमिस्टरमागं ४,००० ते ६,००० युरो. बघून घ्या आधी.

मार्कांचं तिथं उलटं असतं, १ म्हणजे पहिला नंबर, ४ म्हणजे काठावर पास. आपला सीजीपीए त्यात बदलायचं सूत्र आहे. समजा १० पैकी ७.६ आहेत आणि पासिंग ४ ला. १० मधून ७.६ गेले २.४, त्याला तीननं गुणा, ७.२, त्याला १० वजा ४ म्हणजे ६ नं भागा, १.२, त्यात एक मिळवा, आले २.२. बऱ्याच कोर्सला २.५ च्या आत लागतं. हे पाच मिनिटांचं काम अर्जाच्या फिया भरायच्या आधी करा, कारण अर्ज युनि असिस्टमधून, म्हणजे बऱ्याच विद्यापीठांचे परदेशी अर्ज तपासणाऱ्या संस्थेतून, असेल तर पहिल्याला ७५ युरो आणि त्याच सेमिस्टरच्या पुढच्या प्रत्येकाला ३०, आणि आपली पोरं भरतात पंधरा पंधरा ठिकाणी.

आता जरा थांबते, कारण हे फक्त आपल्या महाराष्ट्रातल्या पोरांचं दुखणं आहे आणि कुठल्याही गाइडमध्ये नसतं. नाव. समजा तुम्ही स्नेहल दिलीप पाटील. दहावीच्या मार्कशीटवर तुम्ही पाटील स्नेहल दिलीप, खाली आईचं नाव वेगळं. डिग्रीवर कधी तेच, कधी मध्ये आईचं नाव घुसलेलं. पासपोर्टवर आडनाव पाटील आणि गिव्हन नेमच्या रकान्यात स्नेहल दिलीप. जर्मन माणसाला वडिलांचं नाव मध्ये लावतात ही भानगड माहीतच नाही, त्याच्या दृष्टीनं स्नेहल दिलीप हे तुमचंच जोडनाव. मला दोन वर्षं बँकेतून पत्रं यायची त्यावर बाबांचं नाव असायचं आणि बाबांना फोनवर सांगितलं की खूश व्हायचे, म्हणायचे बघ मी पण गेलो जर्मनीला. गंमत ठीक आहे, पण एका कागदावर दिलीप, दुसऱ्यावर दिलीपराव, तिसऱ्यावर नुसता डी, असं असेल तर ते इथूनच निस्तरा. पासपोर्ट अजून काढला नसेल तर डिग्रीशी जुळवून काढा, काढला असेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं अ‍ॅफिडेव्हिट स्टॅम्प पेपरवर नोटरी करून फाइलला लावा. आणि अर्जात, विम्यात, बँकेत सगळीकडं पासपोर्टवर आहे तस्संच, एक अक्षर इकडं तिकडं नको.

पैशाचं आई-बाबांनी ऐका. व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाचे पैसे ब्लॉक्ड अकाउंटला दाखवावे लागतात. मी गेले तेव्हा ८,६४० युरो होते, सप्टेंबर २०२४ पासून ११,९०४ आहेत, म्हणजे महिन्याला ९९२. ही फी नाही, हे मुलाचेच पैसे, तिथं गेल्यावर त्यालाच महिन्याच्या महिन्याला मिळतात. स्वतःचे पाठवत असाल तर आर्थिक वर्षात १० लाखांच्या वरच्या रकमेवर बँक टीसीएस म्हणजे आगाऊ टॅक्स कापते, घाबरू नका, तो रिटर्नमध्ये जमा धरता येतो, आणि बँकेचं एज्युकेशन लोन असेल तर एप्रिल २०२५ पासून कापतच नाहीत. फक्त एक, सगळा पैसा ब्लॉक्ड मध्ये घालून मुलाला रिकाम्या खिशानं विमानात बसवू नका. का ते सांगते.

तिथं एक कागद दुसऱ्यावर टेकलेला असतो. राहायला गेलात की दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेत पत्ता नोंदवायचा, त्याला म्हणतात आनमेल्डुंग. त्यासाठी घरमालकाचं सही केलेलं पत्र लागतं, त्याचं नाव वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग, आता हे मी रेडिओवर एका दमात म्हणले तेच खूप झालं. पत्ता नोंदला की बँक खातं, खातं झालं की ब्लॉक्ड मधले पैसे सुटतात, आणि पत्त्यावरच टॅक्स नंबर येतो पोस्टानं. म्हणजे घर नाही तर पत्ता नाही, पत्ता नाही तर पैसे नाहीत. आणि घराला डिपॉझिट, ते हीटिंग-पाण्यासारखे खर्च सोडून नुसत्या भाड्याच्या तीन महिन्यांपर्यंत मागू शकतात. म्हणून पहिल्या दीड-दोन महिन्यांचे पैसे फॉरेक्स कार्डावर वेगळे पाहिजेत. हॉस्टेलला, म्हणजे श्टुडेंटनवेर्कच्या खोल्यांना, अ‍ॅडमिशनचं पत्र यायची वाट न बघता जिथं चालतं तिथं आधीच अर्ज टाका. आणि घरमालक म्हणतो मी सध्या लंडनला आहे, डिपॉझिट पाठव, चावी कुरियरनं येईल, तर तो घरमालक नाही आणि ते घर पण नाही.

माझं काय झालं ऐका. खोली मिळाली, आनमेल्डुंग झालं, खातं उघडलं, मी एकदम खूश. बँक म्हणाली कार्ड आणि पिन वेगवेगळ्या पाकिटातून येईल. आठवडा गेला, दोन गेले, काहीच नाही. खिशात राहिले चाळीस युरो. रोज भात आणि आईनं दिलेली शेंगदाण्याची चटणी. शेवटी शेजारच्या आजींनी विचारलं, तुझं नाव लेटरबॉक्सवर आहे का. तिथं फ्लॅट नंबर नसतात हो. बिल्डिंगचा नंबर आणि डब्यावरचं आडनाव, बस. माझ्या डब्यावर माझ्या रूममेटचंच नाव होतं, आणि पोस्टमननं माझी सगळी पाकिटं इमानदारीत परत पाठवली होती, विम्याचं सुद्धा. आजींनी घरातनं चिकटपट्टी आणि स्केच पेन आणलं आणि आम्ही दोघींनी मिळून डब्यावर पाटील लिहिलं. तिसऱ्या आठवड्यात पिन आला.

बॅगेचं आता पटकन. आईचं तूप नेता येत नाही. पनीर, कुठलंही दुधाचं, मटण-चिकनचं काही, युरोपात बाहेरून आणायला बंदी आहे, कस्टमला काढून घेतात. आमच्या घरी यावरून मोठं रामायण झालं, अगं एवढीशी बरणी, कोण बघतंय. बघतात. हापूस पण नाही, ताज्या फळांना सर्टिफिकेट लागतं, कढीपत्त्याचा तर विचारच सोडा. नारळ मात्र चालतो, का ते विचारू नका. मसाले, डाळी, मेतकूट, चटण्या बिनधास्त. कुकर न्या, पण बुड बघून न्या, इंडक्शनवर साधा अ‍ॅल्युमिनियमचा चालत नाही. मिक्सर चालतो, व्होल्टेज आपल्यासारखंच २३०, फक्त तीन पिनला अ‍ॅडॅप्टर पाहिजे. आणि फोडणी देताना खिडकी उघडी ठेवा आणि दार लावून घ्या, कारण छताला धुराचा अलार्म असतो आणि त्याला मोहरी तडतडलेली आवडत नाही.

विम्याला तीस वर्षांच्या आतल्यांना विद्यार्थ्यांचा सरकारी दर, साधारण दीडशे युरो महिना धरून चाला. आपण रेडिओवर आहोत म्हणून हे पण सांगते, तिथं रेडिओ-टीव्हीची फी आहे, घरामागं महिना १८.३६ युरो, तुमच्याकडं रेडिओ असो नसो. फ्लॅटमध्ये चौघं असाल तर एकदाच भरायची, वाटून घ्या. त्याचं पत्र फेकू नका, ते परत येतं आणि मोठं होऊन येतं. नोकरी वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस करता येते, मार्च २०२४ पासून. पण पहिल्या सेमिस्टरला वेअरहाउसच्या नाइट शिफ्टमध्ये अडकू नका, कारण परीक्षेला नाव वेगळं नोंदवावं लागतं, पोर्टलवर, ठरलेल्या दिवसांतच. आपल्याकडं क्लार्क वर्गात येऊन ओरडतो फॉर्म भरा रे, तिथं कुणी ओरडत नाही. मी एक पेपर असाच घालवला, चूक माझीच. आणि बहुतेक ठिकाणी एका विषयाला तीनच संधी, तिसऱ्यांदा उडालात तर तो कोर्सच संपला. एटीकेटीच्या भरवशावर वाढलेल्या आपल्या पोरांना हे तिथं गेल्यावर कळतं.

व्हिसाची फाइल पण नीट लावा, नाकारला तर पूर्वी फेरविचाराचं पत्र लिहिता यायचं ते १ जुलै २०२५ पासून बंद झालंय, आता नवा अर्ज नाहीतर कोर्ट.

आणि विमानाचं तिकीट शनिवारचं काढू नका. मी शनिवारी रात्री पोचले आणि रविवारी अख्खं गाव बंद, किराणा बंद, सिमकार्ड बंद. सोमवारी सकाळी सातला दुकान उघडलं तेव्हा दारात सगळ्यात पुढं मी. मंगळवार बुधवारचं बघा, स्वस्तही असतं बरेचदा. आणि काकू, ओंकारच्या बॅगेत एक चिकटपट्टी आणि स्केच पेन टाका.