थेंब अंगावर पडला की संपलं : 'द रेन' आणि तिच्यावर भांडणारे प्रेक्षक

[दृश्य : करडं आकाश, ओलं जंगल, निर्मनुष्य रस्ता. पावसाचा आवाज नाही, फक्त वारा.]

4 मे 2018 रोजी नेटफ्लिक्सवर 'द रेन' आली. नेटफ्लिक्सची ही पहिली स्वतःची डॅनिश मालिका. कल्पना एका दमात सांगता येते. पावसातून विषाणू येतो, थेंब अंगावर पडला की माणूस काही क्षणांत जातो. सिमोने आणि रासमुस ही दोन भावंडं बंकरमध्ये सहा वर्षं काढतात आणि बाहेर येतात, तेव्हा त्यांच्या ओळखीचा डेन्मार्क उरलेला नसतो. उरलेली असतात काही तरुण पोरं. भुकेली, घाबरलेली आणि हातात बंदूक असलेली.

तीन सीझन, मिळून वीस भाग. 2018, 2019 आणि 2020, दर वर्षी एक. मालिका केव्हाच संपली, तिच्यावरचा वाद मात्र चालू आहे. पहिल्या सीझनवर जीव टाकणारे आणि तिसऱ्याला नावं ठेवणारे बहुतेक वेळा एकच लोक असतात. हे असं का, ते आज बघू.

[दृश्य : बंकरचं लोखंडी दार, आतून.]

सुरुवात पहिल्या भागातल्या एका प्रसंगापासून करू, कारण मालिका आवडणारे आणि न आवडणारे, दोघंही तो विसरलेले नसतात.

बाबा मुलांना आणि आईला बंकरमध्ये सोडून निघून गेलेत. जाताना सिमोनेला बजावलंय, रासमुसला सांभाळ. थोड्या वेळाने दारावर थापा पडतात. बाबाच परत आले, असं वाटून पोरं दार उघडतात. बाहेर बाबा नसतात, भलताच माणूस असतो, पावसात भिजलेला. तो मुलांवर झेपावतो. आई त्याला ढकलत स्वतःच बाहेर जाते. पावसात. मुलांच्या डोळ्यांसमोर.

संवाद जवळजवळ नाहीत आणि पार्श्वसंगीत गळा काढत नाही. एक दार उघडलं, एवढीच चूक. पुढे सिमोने जे काही करते, भावासाठी खोटं बोलते, माणसं पणाला लावते, त्या सगळ्याचं मूळ या दारात आहे. ज्यांना ती पटते त्यांना ती इथेच पटलेली असते.

[दृश्य : पानावरून ओघळणारा थेंब, अगदी जवळून.]

आता तक्रारी. सगळ्यात मोठी तक्रार तर्काची. थेंबाने माणूस मरतो, मग ओल्या झाडीतून ही मंडळी बिनधास्त चालतात कशी? पाऊस नुकताच थांबलाय, पानं ठिबकतायत, आणि यांच्या मानेवर एकही थेंब पडत नाही? नदीचं काय, दवाचं काय, धुक्याचं काय? सहा वर्षं जमिनीखाली राहूनही केस नीट कापलेले आणि चेहरे तजेलदार कसे? विषाणूपेक्षा मेकअपची पेटी जास्त चिवट निघाली, असं कुणीही म्हणेल.

या तक्रारी खऱ्या आहेत. मालिका स्वतःचा नियम कधी कडक पाळते, कधी सोयीने विसरते. पण पहिला सीझन बघताना बहुतेकांनी हे चालवून घेतलं. कारण धोका डोक्यावर होता, रोजचा होता, आणि ढग आले की पात्रांबरोबर आपलीही नजर वर जात होती. प्रेक्षक भीतीत गुंतलेला असेल तर तो हिशेब मागत नाही. भीती ओसरली की मग एकेक पावती काढून बसतो.

दुसरी तक्रार पात्रांच्या अकलेची. सिमोने कुणावरही विश्वास ठेवते, रासमुस सांगितलेलं ऐकत नाही, आणि एकाच्या मूर्खपणाचं बिल दुसरा भरतो. यावर मालिकेच्या बाजूने बोलणाऱ्यांचं उत्तर मला अर्धं पटतं. त्यांचं म्हणणं, ही मोठी माणसं नाहीतच. सिमोने परीक्षेच्या दिवशी शाळेतून ओढून नेलेली मुलगी आहे. रासमुस लहान पोर म्हणून बंकरमध्ये गेला आणि मिसरूड फुटल्यावर बाहेर आला. मधल्या वर्षांत बहिणीशिवाय माणूस पाहिलेला नाही. मैत्री कशी करतात, नकार कसा पचवतात, हे तो शिकणार कुठे? पहिल्या सीझनमधल्या त्याच्या वेडेपणाला हे उत्तर पुरतं. पण दुसऱ्या सीझनमधल्या सिमोनेला ते लागू होत नाही. तोवर तिने बरंच काही पाहिलेलं असतं.

[दृश्य : शेकोटी. तिच्याभोवती बसलेल्या तरुणांचे अर्धे उजळलेले चेहरे.]

पहिल्या सीझनची खरी ताकद मात्र पावसात नाही, या टोळक्यात आहे. मार्टिन, पॅट्रिक, ली, बियाट्रिस, जाँ. बहुतेक भागांत एकेकाचा भूतकाळ उघडतो: पाऊस आला त्या दिवशी तू कुठे होतास? मार्टिन सैनिक होता, नाक्यावर उभा होता, आणि दया दाखवायची की हुकूम पाळायचा हे त्याला ठरवायचं होतं. ली एका पार्टीत होती, जिथे तिची टर उडवली जात होती. आपण वाचलो त्यामागे देवाचा हात आहे, असं ती मनापासून मानते. मार्टिनच्या भूमिकेत मिकेल बो फोल्सगार्ड आहे, ज्याला 2012 मध्ये बर्लिन चित्रपट महोत्सवात अभिनयासाठी रौप्य अस्वल हा पुरस्कार मिळाला होता. हा माणूस कमी बोलून काम भागवतो. सिमोने झालेली आल्बा ऑगस्ट ही दिग्दर्शक बिले ऑगस्ट आणि अभिनेत्री पर्निला ऑगस्ट यांची मुलगी. पण ते तिच्याकडे बघताना आठवत नाही, आणि ही तारीफच समजा.

याच सीझनमध्ये एक भाग आहे, ज्यात या पोरांना एका मोठ्या घरात आसरा मिळतो. स्वच्छ कपडे, गरम जेवण, प्रेमाने बोलणारी माणसं. लीला तिथून निघायचंच नसतं. मग त्या जेवणात काय असतं ते कळतं. कुणाला हा भाग मालिकेतला सर्वोत्तम वाटतो, कुणाला नुसता धक्क्यासाठी घातलेला. माझं मत पहिल्यांच्या बाजूने. कारण धक्का मांसाचा नाहीच. सगळं कळल्यावरही 'राहू या का' हा विचार मनात येऊ शकतो, धक्का त्याचा आहे.

[दृश्य : कोपनहेगन, रस्त्यावर साचलेलं पाणी, बुडालेल्या गाड्या. जुनं चित्रीकरण.]

जरा बाजूला जाऊ. डॅनिश प्रेक्षकाला पाऊस ही काही परग्रहावरची गोष्ट नाही. तिथला पाऊस म्हणजे वर्षभराची रिपरिप. पण 2 जुलै 2011 च्या संध्याकाळी कोपनहेगनवर ढगफुटी झाली. दोन-तीन तासांत 100 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, तळघरं भरली, महामार्ग बंद पडले, आणि नुकसान काही अब्ज क्रोनरच्या (डॅनिश चलन) घरात गेलं. पुढच्या वर्षी शहराने ढगफुटीसाठी वेगळा आराखडाच केला. एंगहावे पार्क नावाची जुनी बाग त्यातूनच नव्याने बांधली गेली. एरवी पोरं तिथे खेळतात, अतिवृष्टीत ती सुमारे 22 हजार घनमीटर पाणी पोटात घेते.

26 जुलै 2005 ला सांताक्रूझच्या वेधशाळेत 944 मिलिमीटरची नोंद झाली. तो दिवस काढलेल्या मुंबईकराला कोपनहेगनचा आकडा किरकोळ वाटेल. वाटू दे. रोजचं शहर दोन तासांत परकं होतं, हा अनुभव दोन्हीकडे सारखाच. 'द रेन'चा पहिला भाग ज्या प्रेक्षकांना पोटात लागला, त्यात असा एखादा दिवस काढलेले बरेच असणार.

[दृश्य : काळ्या नसा, काचेची खोली, प्रयोगशाळेचा पांढरा उजेड.]

आणि मग दुसरा सीझन. इथे प्रेक्षकांची फाळणी झाली.

पाऊस मागे पडतो. विषाणू आता रासमुसच्या शरीरात आहे. तो चिडला, दुखावला की ते काळं काहीतरी बाहेर फुटतं आणि समोरचे मरतात. सगळ्यामागची अपोलॉन ही कंपनी पुढे येते. जगण्याची गोष्ट होती, ती शक्तीची गोष्ट झाली. ज्यांना जंगल, भूक आणि ढग हवे होते त्यांना फसवल्यासारखं वाटलं. रासमुस तर अनेकांच्या डोक्यातच गेला. दुसरी बाजू म्हणते, मालिका पहिल्यापासून भावंडांचीच होती, विषाणू रासमुसमध्ये येणं हा त्याचाच पुढचा टप्पा. आधी बहीण भावाला जगापासून वाचवत होती, आता जगाला भावापासून वाचवायचं आहे. मग ती कुणाची?

प्रश्न जबरदस्त आहे, यात वादच नाही. फक्त तो विचारून झाल्यावर मालिका तोच पुन्हा पुन्हा विचारते. सिमोने भावाला पाठीशी घालते, कुणीतरी मरतं, ती रडते, पुन्हा पाठीशी घालते. सहा भागांत हे इतक्यांदा होतं की तिच्या बाजूचे लोकही कंटाळतात. आणि या सीझनमध्ये पाऊस पडतो तेव्हा आपण वर बघत नाही. माझ्या लेखी मालिकेने सगळ्यात मोठी वस्तू इथे गमावली. नावातच असलेली.

[दृश्य : ओरेसुंड पूल, रिकामा.]

तिसरा आणि शेवटचा सीझन आला 6 ऑगस्ट 2020 ला. त्याच वर्षी 11 मार्चच्या संध्याकाळी डेन्मार्कच्या पंतप्रधान मेटे फ्रेडरिकसेन यांनी देश बंद करत असल्याचं जाहीर केलं होतं. तीन दिवसांत सीमा बंद. कोपनहेगन आणि स्वीडनमधलं माल्मो यांना जोडणारा, 2000 साली खुला झालेला ओरेसुंड पूल, ज्यावरून माणसं रोज कामाला ये-जा करत, तिथे पोलिसांची तपासणी उभी राहिली. 'द रेन'मध्ये डेन्मार्क आणि स्वीडनचा काही भाग क्वारंटाइन झोन आहे, आणि बाहेर भिंत. 2018 मध्ये ते कथानक होतं. दोन वर्षांनी प्रेक्षक स्वतः घरात कोंडलेले होते आणि बाहेरून आणलेल्या पिशव्या पुसून आत घेत होते.

त्यामुळे तिसऱ्या सीझनवरची मतं सरळ वाचता येत नाहीत. कुणाला तो नकोसा झाला, कारण टीव्हीवर तरी विषाणू नको होता. कुणाला, बंकरमधली घुसमट आता कळली, असं वाटलं आणि त्यांनी पहिला सीझन परत लावला. कथेत अपोलॉनला विषाणूच सगळ्यांच्या शरीरात घालायचा आहे, म्हणजे माणूस मरणारच नाही, आणि सिमोने त्या विषाणूला गिळणाऱ्या एका रोपट्याच्या मागे आहे. सुई म्हणजे धोका आणि झाड म्हणजे सुटका, ही मांडणी त्या ऑगस्टमध्ये, जेव्हा सगळं जग लशीकडे डोळे लावून बसलं होतं, विचित्रच दिसली. यात लिहिणाऱ्यांचा दोष नाही. त्यांनी ते महासाथीआधीच रचलं होतं.

शेवट सांगत नाही. एवढंच सांगतो की तो अर्धवट सोडलेला नाही. तिसरा सीझन शेवटचा हे 2019 मध्येच जाहीर झालं होतं, त्यामुळे लिहिणाऱ्यांना गाठ मारायला वेळ मिळाला. मालिकेला शिव्या घालणारेसुद्धा एवढं मान्य करतात. गाठ घाईत मारली, असं म्हणणारेही आहेत, आणि जी पात्रं पहिल्या सीझनमध्ये जीव की प्राण झाली होती त्यांना शेवटी पुरेसा वेळ मिळाला नाही, हे मलाही खटकलं.

[दृश्य : पडद्यावर भाषा निवडण्याचा मेन्यू.]

एक वाद मात्र मी वाद मानत नाही. इंग्रजी डबिंगमध्ये बघायची की डॅनिशमध्ये सबटायटल्स लावून? डॅनिशमध्येच. ही पोरं अर्धी वाक्यं तोंडातच ठेवतात, कुजबुजतात, दमलेली असतात. स्टुडिओत बसून चढवलेल्या खणखणीत इंग्रजी आवाजात तो थकवा उरत नाही, आणि मग अभिनय लाकडी वाटतो. ज्यांना मालिका 'कृत्रिम' वाटली त्यांनी ती कुठल्या आवाजात पाहिली, हे एकदा विचारून बघा.

पहिल्या सीझनचे आठ भाग बघा. तो संपल्यावर तुम्हाला रासमुसची काळजी वाटत असेल तर पुढे जा. त्याचा रागच जास्त येत असेल तर तिथेच थांबा, पुढचे बारा भाग त्याचेच आहेत.