ट्रम्पकार्डावर नसलेला रकाना

श्रोतेहो, नमस्कार.

नव्वदच्या दशकात शाळेत असलेल्या पुष्कळ मुलांच्या दप्तरात पुस्तकांच्या आड पत्त्यांचा एक जोड लपवलेला असायचा. डब्ल्यूडब्ल्यूएफ या अमेरिकेतल्या व्यावसायिक कुस्तीच्या कंपनीची ट्रम्पकार्डं. प्रत्येक पत्त्यावर एका पैलवानाचा फोटो आणि खाली रकाने. उंची, वजन, छाती, दंड, किती लढती लढल्या, किती जिंकल्या, रँक कितवा. मधल्या सुट्टीत जिन्याखाली बसून आम्ही हे आकडे एकमेकांवर फेकायचो, आणि शेवटी भांडण एकाच गोष्टीवर यायचं : सगळ्यांत भारी कोण? ते भांडण माझ्यापुरतं अजून मिटलेलं नाही. आज ते तुमच्यापुढे मांडतो.

आमच्या घरात या वादाला परीक्षक होते ते आजोबा. सातारा जिल्ह्यातल्या एका गावच्या तालमीत त्यांचं अंग घडलेलं, नंतर सारी हयात मुंबईच्या गिरणीत गेली. टीव्हीसमोर ते दोन मिनिटं उभे राहायचे आणि म्हणायचे, "लेका, ही नुरा कुस्ती. कुणी पडायचं ते आधीच ठरलंय." त्यांचं खरंच होतं. व्यावसायिक कुस्तीचा निकाल आधी ठरतो. १९८९ मध्ये खुद्द कंपनीनंच अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याच्या विधिमंडळापुढे सांगून टाकलं, की हा खेळ नाही, ही करमणूक आहे.

निकाल ठरलेला असेल, तर 'किती जिंकल्या' हा रकाना कसलीच साक्ष देत नाही. विजेतेपदाचा पट्टा कितीदा मिळाला, हेही नाही. तो मिळत नाही, दिला जातो. छाती आणि दंड पैलवानाचे स्वतःचे, पण तेवढ्यावर मोठेपण ठरत असतं तर वजनकाटा आणून वाद मिटवता आला असता. मग मोजायचं काय?

उत्तराकडे जाण्याआधी पडण्याबद्दल बोलायला हवं. आपल्या मातीतल्या कुस्तीत पाठ टेकली की कुस्ती संपली. पैलवान जन्मभर शिकतो ते पाठ वाचवायला. व्यावसायिक कुस्तीत पहिला धडाच पाठ टेकवण्याचा असतो. हनुवटी छातीशी घट्ट धरायची, म्हणजे डोकं मागं आपटत नाही. दोन्ही हात पसरून तळव्यांनी जमिनीवर फाडकन चापट मारायची, म्हणजे धक्का सगळ्या पाठीवर वाटला जातो. लांबून ते रिंगण गादीसारखं दिसतं. पण खाली लोखंडी सांगाडा असतो, त्यावर लाकडी फळ्या, त्यावर फोमचा पातळ थर आणि वर ताणलेलं कॅनव्हास. त्यावर एकदा पडून बघावं, मग 'सगळं खोटं असतं' असं म्हणावं. आणि ज्या माणसानं तुम्हाला डोक्यावर उचललंय, त्याच्या हातात त्या क्षणी तुमची मान असते. तो चुकला तर ती मान जाते. निकाल ठरलेला असतो, मान ठरलेली नसते.

या वादात लोक वेगवेगळ्या मोजपट्ट्या काढतात. काही म्हणतात, खरी कुस्ती येणारा तो मोठा, म्हणजे लू थेझ. समोरच्यानं ठरलेलं मोडलं तर खरोखर त्याचा सांधा पिळून गप्प करू शकेल असा तो मल्ल. काही म्हणतात रिक फ्लेअर, कारण तो गावोगाव फिरून तिथल्या स्थानिक पैलवानासमोर तासभर लढायचा आणि त्या पैलवानाला जगज्जेत्याच्या तोडीचा वाटायला लावायचा. गल्ला मोजणारे हल्क होगनचं नाव घेतात. अंडरटेकरचे चाहते तर आकडा तोंडपाठ सांगतात : रेसलमेनिया या कंपनीच्या वर्षातल्या सर्वांत मोठ्या सोहळ्यात सलग २१ विजय, मग २०१४ मध्ये ब्रॉक लेस्नरकडून पहिली हार. पण तोही आकडा कुणीतरी लिहिलेलाच.

माझी मोजपट्टी वेगळी आहे. लढत संपल्यावर समोरचा पैलवान आला होता त्यापेक्षा मोठा होऊन गेला का, आणि धड गेला का? या मापानं मी कॅनडाच्या ब्रेट हार्टचं नाव घेतो. का, ते दोन लढतींतून सांगतो.

पहिली लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियममधली, २९ ऑगस्ट १९९२ ची. समरस्लॅम, कंपनीचा उन्हाळ्यातला मोठा सोहळा. कंपनीच्या सांगण्यानुसार ८० हजारांवर माणसं. समोर ब्रिटिश बुलडॉग, म्हणजे डेव्ही बॉय स्मिथ. इंग्लंडचा गडी, आणि ब्रेटचा मेहुणा; ब्रेटची बहीण डायना प्रेक्षकांत बसलेली. ठरलेलं होतं की डेव्ही जिंकणार. ब्रेटनं नंतर सांगितलं, की लढत सुरू होऊन थोडाच वेळ झाला आणि डेव्ही त्याच्या कानाशी पुटपुटला, की आपल्याला काहीच आठवत नाही. अख्खी लढत त्याच्या डोक्यातून पुसली गेली होती. पुढची वीसएक मिनिटं ब्रेटनं त्याला पकडीत धरून, केसांआड तोंड लपवून, एकेक डाव कानात सांगत नेलं. आता उचल, आता सोड, आता दोरीकडे पळ. शेवटी ब्रेट त्याच्यावरून उडी टाकून त्याला खाली ओढायला गेला, तर डेव्हीनं खाली बसकण मारून त्याचेच पाय स्वतःच्या पायांनी जखडले आणि ब्रेटची पाठ लागली. स्टेडियम डोक्यावर घेतलं लोकांनी. त्या गर्दीला वाटलं, आपल्या डेव्हीनं आयुष्यातली सर्वोत्तम लढत केली. तसं वाटायला लावणारा पराभूत होऊन उताणा पडला होता. ट्रम्पकार्डावर ही हार म्हणून मोजली गेली असणार.

दुसरी शिकागोजवळची, २३ मार्च १९९७. रेसलमेनिया १३. समोर स्टीव्ह ऑस्टिन, त्या काळचा खलनायक; लोकांनी त्याच्यावर ओरडावं अशी अपेक्षा. शरणागतीची लढत होती, म्हणजे एकानं तोंडानं हार मानल्याशिवाय सुटका नाही. ब्रेटनं त्याला शार्पशूटरमध्ये अडकवलं. पाय गुंतवून उलटं करायचं आणि कंबर मोडेल असं मागं खेचायचं, हा ब्रेटचा हुकमी डाव. ऑस्टिनचं कपाळ फुटलेलं, रक्त दातांत उतरलेलं, तो किंचाळतोय, हात टेकून वर उठायला बघतोय, पण 'हरलो' म्हणत नाही. अखेर शुद्ध हरपली आणि पंच केन शॅमरॉकनं लढत थांबवली. ब्रेट जिंकला. पण निपचित पडलेल्या माणसाला तो मारतच राहिला, आणि तेवढ्यात सगळी गर्दी फिरली. आत आला तेव्हा ब्रेट लोकांचा होता. जाताना ऑस्टिन लोकांचा झाला होता. कुणाचाही आधार न घेता, लंगडत, तो स्वतःच्या पायांनी बाहेर गेला आणि लोक त्याच्या नावाचा घोष करत राहिले. पुढच्या काही वर्षांत या धंद्यातला सगळ्यांत मोठा माणूस तोच ठरला. जिंकताना स्वतःची लोकप्रियता समोरच्याच्या ओंजळीत ओतायची, हे किती जणांना जमेल?

पण ही मोजपट्टी ब्रेटलाही लावली पाहिजे, आणि तिथं मला त्रास होतो. त्याच वर्षी ९ नोव्हेंबरला मॉन्ट्रियलमध्ये. ब्रेट कंपनी सोडून चालला होता आणि पट्टा शॉन मायकल्सकडे जायचा होता. ब्रेटनं कॅनडाच्या, म्हणजे स्वतःच्या मातीत मायकल्सकडून हरायला नकार दिला. मग मालक विन्स मॅकमहोननं त्याला अंधारात ठेवून निकाल फिरवला. मायकल्सनं ब्रेटला त्याच्याच शार्पशूटरमध्ये धरलं, आणि ब्रेटनं हार मानलेली नसताना मॅकमहोननं घंटा वाजवायला लावली. ज्यानं वेम्ब्लीत मेहुण्याला सगळं दिलं, त्यानं मायकल्सला हात आखडता का घेतला? ब्रेट सांगतो, मायकल्सनं आधीच तोंडावर म्हटलं होतं, मी तुझ्यासाठी हरणार नाही. हे कारण मला पटतं, तरी पूर्ण पटत नाही. मात्र त्या रात्री मालकानं केलं ते त्याहून वाईट. ज्या धंद्यात माणसं शब्दावर आपली मान दुसऱ्याच्या हातात देतात, तिथं मालकानंच शब्द मोडला.

मान हा नुसता बोलण्याचा शब्द नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ब्रेटचा सख्खा धाकटा भाऊ ओवेन हार्ट याच्या हातून एक डाव चुकला, ऑस्टिनचं डोकं जमिनीवर आदळलं आणि काही क्षण त्याचं अंगच हलेना. त्या दुखापतीनं त्याची कारकीर्द आखूड केली. ओवेन काही दुष्ट नव्हता, कच्चाही नव्हता. काही इंचांचा फरक पडला. स्वतः ब्रेटची कारकीर्द १९९९ च्या डिसेंबरात गोल्डबर्गची लाथ डोक्यात बसल्यामुळे संपली. आपल्या हातून कुणाला मोठी इजा झाली नाही, हे ब्रेट अभिमानानं सांगतो, आणि तो अभिमान मला कुठल्याही पट्ट्याहून जड वाटतो.

आता होगनबद्दल. १९८७ च्या रेसलमेनियात त्यानं आंद्रे द जायंटला उचलून आपटलं, ते दृश्य आमच्या पिढीनं कितीदा पाहिलंय. कंपनीनं ९३,१७३ चा जमाव सांगितला होता. पण आंद्रेच्या पाठीवर त्याआधीच शस्त्रक्रिया झालेली होती, त्या दिवशी त्याला उभं राहतानाही वेदना होत होत्या, आणि तेवढं धूड त्याच्या मनाविरुद्ध उचलणं कुणालाही शक्य नव्हतं. आंद्रेनं स्वतःला उचलू दिलं. त्या लढतीतलं माझं मत आंद्रेला.

हे मी एकदा आजोबांना सांगितलं, तेव्हा मी कॉलेजात होतो. वाटलं, परत 'नुरा' म्हणतील. ते काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मी दारासिंगला बघितलंय. वरळीच्या स्टेडियमात." गिरणी सुटल्यावर चौघे जण लालबागहून चालत गेले होते. समोर किंगकाँग, मूळचा हंगेरीचा, डोंगराएवढा मल्ल. दारासिंगनं त्याला उचलला तेव्हा सगळं स्टेडियम उभं राहिलं, आजोबाही.

"पण बघ," आजोबा म्हणाले, "दारासिंग कसा उभा होता ते मला आता आठवत नाही. आठवतो तो किंगकाँग. पडल्यावर लगेच नाही उठला. आधी नुसता हात हलवला. मग एक गुडघा टेकला. मग दोर धरला. आणि दोर धरून दारासिंगकडं असं बघितलं..."

खाटेवर बसल्या बसल्या आजोबांनी हवेतला दोर धरला आणि वर बघितलं. त्यांच्या नजरेतून मला दारासिंग दिसला, होता त्याच्या दुप्पट उंच.